आय५ १०६००के ५ गिगाहर्ट्झला लावला, सिनेबेंच पास होतंय पण गेममध्ये बंद पडतोय, पहिल्यांदाच ओव्हरक्लॉक करतोय, मदत हवीये

कर्वेनगर_वरचामजला

नमस्कार मंडळी. मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, शिकवण्या घेऊन आणि दिवाळीचे पैसे साठवून दोन वर्षांत हळूहळू पीसी जमवला. सेकंडहँड आय५ १०६००के प्रोसेसर आणि झेड४९० मदरबोर्ड एकत्र मिळाले, त्यावर ३६०० ची रॅम ८ जीबीच्या दोन कांड्या (एक आधी घेतली, दुसरी सहा महिन्यांनी, कंपनी तीच), आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड, ६५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) आणि एका पंख्याचा टॉवर कूलर. प्रोसेसर अनलॉक्ड आहे तर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीने दिलेल्या वेगाच्या वर चालवून बघावा असं खूप दिवस मनात होतं, परीक्षा संपली आणि बसलो.

बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगमध्ये) मल्टिप्लायर ५० केला सगळ्या कोरला, म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, व्होल्टेज ऑटो ठेवलं तर १.४२ दाखवायला लागलं म्हणून घाबरून हाताने १.३० टाकलं. रॅमचं एक्सएमपी (रॅम खोक्यावरच्या वेगाला चालवायची सेटिंग) पण त्याच दिवशी चालू केलं, आधी ते बंदच होतं मला माहितीच नव्हतं. सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरला पूर्ण ओझं देणारी टेस्ट) दहा मिनिटं पूर्ण झालं, इतका आनंद झाला की आईला बोलावून दाखवलं. पण संध्याकाळी गेम लावला आणि अर्ध्या तासात निळी स्क्रीन. मग व्होल्टेज १.३३ केलं, परत बंद. १.३६ केलं, परत बंद आणि आता सिनेबेंचला ९५ डिग्री जातोय. कधी निळी स्क्रीन येते, कधी काहीच न येता स्क्रीन काळी होऊन सगळं गप्प होतं, मग बटण दाबलं की चालू होतो. एकदा तर गेम नव्हताच, ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब होते तेवढ्यावरच मेमरी मॅनेजमेंट लिहिलेली निळी स्क्रीन आली.

खरी काळजी वेगळीच आहे. घरात मशीन एकच आहे, बाबा दुकानाचा हिशेब आणि जीएसटी याच्यावरच करतात. काल त्यांची एक एक्सेल फाइल उघडेना, करप्ट झालीये असं म्हणत होती. बॅकअप होता म्हणून वाचलो पण तेव्हापासून झोप नाही लागलेली नीट. मला नक्की काय चुकतंय तेच कळत नाहीये, अजून किती व्होल्टेज द्यायचं? का हा प्रोसेसरच खराब मिळालाय मला?


हिंजवडी_फेज२

अरे आधी व्होल्टेज वाढवणं थांबव, आज आत्ता. बायोसमध्ये जाऊन लोड डिफॉल्ट्स कर, एक्सएमपी पण बंद, आणि बाबांची सगळी फाइल्स एका बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करून ती हार्डडिस्क काढून कपाटात ठेव. अनस्टेबल प्रोसेसर किंवा रॅम डेटा खराब करते तेव्हा आरडाओरडा करत नाही, चुकीचा आकडा शांतपणे डिस्कवर लिहिते आणि तुला महिन्याने कळतं. टेस्टिंग चालू असेपर्यंत बाबांचं काम या मशीनवर नको, किंवा करायचंच असेल तर डिफॉल्टवर आणून मगच. हे मी सगळ्यात आधी सांगतेय कारण बाकी सगळं परत करता येतं, हिशेबाच्या फाइल्स नाही.

आता मुद्दा. माझं कामच हार्डवेअर टेस्टिंगचं आहे आणि तुझी पोस्ट वाचताना पहिली गोष्ट ही दिसली की तू एकाच दिवशी दोन बदल केलेस, कोर आणि रॅम. लोकांना वाटतं एक्सएमपी म्हणजे नुसतं बटण, रॅमच्या खोक्यावर ३६०० लिहिलंय म्हणजे ते चालणारच. पण १०६००के साठी इंटेलने अधिकृत दिलेला रॅमचा स्पीड २६६६ आहे. त्याच्या वर काहीही लावलं की ते ओव्हरक्लॉकच, आणि त्यात प्रोसेसरच्या आतला मेमरी कंट्रोलर पण ताणला जातो. वर तुझ्या कांड्या जोडीने घेतलेल्या नाहीत. कंपनी तीच असली तरी सहा महिन्यांत आतल्या चिप बदललेल्या असू शकतात, बाहेरून स्टिकर तसंच असतं. म्हणजे तुझ्याकडे आजार एक नसून दोन असू शकतात आणि तू दोघांना एकच औषध देतोयस.

निळ्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते दरवेळी वहीत लिही, तारीख-वेळ आणि त्यावेळची सेटिंग पण. डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर किंवा क्लॉक वॉचडॉग टाइमआउट आलं तर बहुतेक वेळा कोरला व्होल्टेज कमी पडतंय. मेमरी मॅनेजमेंट वगैरे आलं तर आधी रॅमकडे बघायचं. शंभर टक्के नियम नाही हा, पण दिशा मिळते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या लॉगमध्ये डब्ल्यूएचईए लॉगर नावाच्या नोंदी आहेत का बघ, कधी कधी मशीन बंद न पडता आतल्या आत चुका दुरुस्त करत असतं आणि तिथे पिवळ्या नोंदी साठत जातात. एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान, व्होल्टेज दाखवणारं सॉफ्टवेअर) सगळ्यात खाली पण त्याचा आकडा दिसतो. तिथे शून्य सोडून काहीही असलं तर ते स्टेबल नाही, गेम कितीही छान चालू दे.

क्रम असा ठेव. डिफॉल्टवर दोन दिवस वापर. तेव्हाही बंद पडला तर ओव्हरक्लॉकचा संबंधच नाही, दुसरं काहीतरी आहे. मग फक्त एक्सएमपी चालू करायचं, प्रोसेसरला हात नाही, आणि मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात, तेवढ्या पुऱ्या होऊ दे. एक जरी लाल ओळ आली तरी नापास, "एकच तर आहे" असं म्हणायचं नाही. हे झाल्याशिवाय मल्टिप्लायरला हात लावू नकोस.


पेठेतला_सोल्डरवाला

ताईंनी बरोबर सांगितलंय, मी फक्त गरमीचं बोलतो. मी बुधवारात तपकीर गल्लीच्या जवळ बरीच वर्षं रिपेअरिंग करतोय आणि दरवर्षी पाडवा झाला की तुझ्यासारखी पोरं मशीन घेऊन येतात, "काका डिसेंबरमध्ये मस्त चालत होता." डिसेंबरात आपल्याकडे रात्री खोलीत २० डिग्री असतं, एप्रिलमध्ये दुपारी ३५-३६, आणि तुझं नाव बघून वाटतंय तू वरच्या मजल्यावर राहतोस म्हणजे स्लॅब तापून संध्याकाळी पण भट्टी असणार. कूलर काही फ्रिज नाही, तो खोलीतल्या हवेपेक्षा प्रोसेसर इतका इतका गरम एवढंच ठरवतो. खोली पंधरा डिग्रीने तापली की प्रोसेसर पण जवळपास तेवढाच वर जातो. म्हणून थंडीत लावलेली सेटिंग उन्हाळ्यात टिकत नाही.

आणि व्होल्टेज वाढवलं की काय होतं ते समजून घे. प्रोसेसर जी वीज खातो ती साधारण फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. तू १.३० वरून १.३६ ला गेलास, आकडा छोटा दिसतो, पण तेवढ्यानेच साडेनऊ टक्के उष्णता वाढली, तीही फ्रिक्वेन्सी तीच असताना. आणि गरम झाला की त्याला स्टेबल राहायला अजून जास्त व्होल्टेज लागतं. म्हणजे तू देतोयस, तो तापतोय, तापला म्हणून अजून मागतोय. १०० डिग्रीला तो स्वतःच वेग कमी करतो, जळत नाही लगेच, पण ९५ वर रोज चालवणं बरं नाही. १.३५ च्या पुढे तर एका पंख्याच्या कूलरवर जाऊच नकोस.

एक साधी गोष्ट करून बघ. कॅबिनेटची काचेची बाजू काढ आणि तीच टेस्ट परत लाव. आठ-दहा डिग्री कमी झाले तर कूलर ठीक आहे, कॅबिनेटमध्ये हवा येत नाहीये. फरकच पडला नाही तर पेस्ट वाळलीये किंवा कूलर नीट बसलेला नाही. सेकंडहँड घेतला म्हणतोस तर पेस्ट नव्याने लावच, वाटाण्याएवढी मधोमध, आणि कूलरचे स्क्रू एक झाल्यावर त्याच्या समोरचा तिरका, असे थोडे थोडे करत आवळायचे. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी घेतली की कूलर तिरका बसतो. पुढच्या जाळीवरची धूळ पण बघ, कर्वेनगरला रस्त्याची कामं चालू असली की महिन्याभरात जाळी करडी होते.

एक प्रश्न आहे. तू लिहिलंयस की कधी कधी स्क्रीन काळी होऊन सगळं गप्प होतं आणि बटण दाबल्यावर चालू होतं. प्रोसेसर अनस्टेबल असला तर मशीन बहुतेक स्वतःच रीस्टार्ट होतं. गप्प पडून राहणं म्हणजे मला विजेचा वास येतोय. यूपीएस आहे का? किती व्हीएचा, म्हणजे त्यावर लिहिलेली क्षमता? आणि बंद पडताना काही आवाज येतो का?


कर्वेनगर_वरचामजला

ताई, काका, खूप खूप धन्यवाद, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. सगळं केलंय, चार दिवस लागले, वही केलीये आता, सगळं त्यात.

डिफॉल्टवर दोन दिवस एकदाही निळी स्क्रीन नाही. मग फक्त एक्सएमपी, मेमटेस्ट रात्री साडेअकराला लावला आणि पहाटे पाणी प्यायला उठलो तर स्क्रीनवर लाल ओळीच लाल ओळी, दुसऱ्याच फेरीत. खूप वाईट वाटलं, म्हणजे बाबांची फाइल बहुतेक यानेच गेली. मग एकेक कांडी वेगळी लावून बघितली, दोन्ही एकेकट्या ३६०० ला पास होतात! दोन्ही एकत्र लावल्या की नापास. एकत्र ३२०० ला आणल्या, चार फेऱ्या, शून्य चुका. परत एकदा केलं खात्रीसाठी, शून्यच.

काच काढली तर फक्त दोन-तीन डिग्रीचा फरक पडला म्हणून कूलर उघडला. काका तुम्ही म्हणालात तसंच निघालं, पेस्ट एका बाजूला जाड थर आणि दुसऱ्या कोपऱ्यात प्रोसेसरचं धातूचं झाकण कोरडं चकचकीत दिसत होतं, म्हणजे त्या कोपऱ्यात कूलर टेकतच नव्हता. मीच बसवला होता. परत बसवला, तिरके स्क्रू, डिफॉल्टला सिनेबेंचमध्ये ११ डिग्री कमी झाले!

यूपीएस आहे, ६०० व्हीएचा, जुना पीसी होता तेव्हापासूनचा. आवाजाचं लक्षातच आलं नव्हतं पण तुम्ही विचारल्यावर आठवलं, काळं होण्याआधी टेबलाखालून टक असं होतं आणि मग एक लांब बीप. आणि आज डिफॉल्टवर असताना पण एकदा झालं, संध्याकाळी गेम चालू असताना. निळी स्क्रीन नाही, नुसतं काळं. इव्हेंट व्ह्यूअरला कर्नल पॉवर ४१ एवढंच.


पेठेतला_सोल्डरवाला

शाब्बास, कूलर उघडून बघितलास ते बरं केलंस.

४१ नंबरची नोंद म्हणजे विंडोज फक्त एवढं म्हणतंय की मला नीट बंद केलं नव्हतं. कारण सांगत नाही ती, पोरं उगाच ४१ शोधत बसतात.

आता ६०० व्हीएचा यूपीएस बघ, त्याच्या मागे बारीक अक्षरात वॉट लिहिलेले असतात, बहुतेक ३६० असतील. लोक व्हीए बघून घेतात आणि वॉट बघत नाहीत. तुझं गणित मांडू. गेम चालू असताना ग्राफिक कार्ड १७० वॉटपर्यंत, प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून शंभर-एकशे पाच, बोर्ड-रॅम-पंखे-एसएसडी चाळीसेक, झाले ३१५. एसएमपीएस स्वतः थोडी वीज गरम करून घालवतो, ८५ टक्के धरला तर भिंतीतून ३७० ओढतो, वर मॉनिटर ३०. चारशे झाले. ओव्हरक्लॉक नसताना पण साडेतीनशेच्या वर, म्हणजे अगदी काठावर. लाइन नीट असते तोपर्यंत हे यूपीएस वीज सरळ पुढे ढकलतात, चालून जातं. पण लाइन क्षणभर जरी खाली गेली की टक आवाज करून तो बॅटरीवर जातो आणि बॅटरीवर चारशे पेलवत नाहीत, आउटपुट बंद करतो. सिनेबेंच का पास होतं ते पण यातच आहे, त्यात ग्राफिक कार्ड झोपलेलं असतं, एकूण तीनशेच्या आसपास जातं.

बघ बरं, वायफायचा राऊटर त्याच यूपीएसवर असेल तर त्याचे दिवे पण जातात का त्याक्षणी? जात असतील तर प्रोसेसरला दोष देण्यात अर्थ नाही. आणि रोज ठरावीक वेळेला होतंय का? सोसायटीच्या पाण्याचा पंप कधी चालू होतो?


कर्वेनगर_वरचामजला

काका, काय सांगू. आज सहा वाजल्यापासून गेम चालू ठेवून नुसता बसून राहिलो, एक डोळा ट्यूबवर. सहा अठ्ठेचाळीसला खाली वॉचमन काकांनी पंप चालू केला, ट्यूब एकदा मिचकावली, टेबलाखाली टक, आणि सगळं काळं. राऊटरचे दिवे पण गेले! वहीत मागच्या वेळा बघितल्या, ६:४५, ६:५२, ६:४७. एक गुरुवारचा होता दुपारचा, तो लाइट गेल्यामुळेच असणार, आमच्याकडे गुरुवारी मेंटेनन्सला जातात. यूपीएसच्या मागे ३६० वॉटच लिहिलंय. मी या सगळ्यासाठी व्होल्टेज वाढवत होतो.

आता पीसी टेस्टिंगपुरता सरळ भिंतीत लावलाय स्पाइक गार्डवरून, यूपीएसवर फक्त राऊटर.

आता ५ गिगाहर्ट्झला परत सुरुवात करू का?


सिंहगडरोडवाला

मध्येच बोलतो. माझाही १०६००के आहे, तीन वर्षं ४.८ वर चालवतोय. प्रत्येक चिप वेगळी असते हे लक्षात ठेव, कोणाचा तरी १.२८ ला ५ झाला म्हणजे तुझा होईलच असं नाही, आणि तुझा नाही झाला म्हणजे तुझा खराब असंही नाही. इंटेलने या प्रोसेसरला एका कोरला ४.८ आणि सगळे कोर एकत्र चालताना ४.५ एवढंच कबूल केलंय. तू सगळ्या कोरला ४.८ केलंस तरी तो फुकटात मिळालेला वेग आहे. आणि ३०६० वर १०८०पीला सेटिंग वाढवून खेळलास तर बहुतेक गेममध्ये ग्राफिक कार्डच आधी दमतं, ४.८ आणि ५ मधला फरक डोळ्याला दिसणार नाही.


हिंजवडी_फेज२

हो, ४.७ पासून सुरू कर, ५ पासून नको. वरून खाली येताना प्रत्येक पायरीला क्रॅश खावा लागतो, खालून वर जाताना एकदाच.

आता व्होल्टेजची गंमत समजून घे, कारण तुझ्या पहिल्या पोस्टमधलं १.३० म्हणजे खरं १.३० नव्हतंच. बायोसमध्ये जे टाकतोस ते निवांत असतानाचं. सगळे कोर कामाला लागले की करंट वाढतो आणि व्होल्टेज खाली येतं, त्याला व्हीड्रूप म्हणतात, तो मुद्दामच ठेवलेला असतो. १.३० टाकलेलं लोडवर १.२२ होऊ शकतं. म्हणून नेहमी एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवून लोडवरचं व्हीकोर (कोरला प्रत्यक्ष मिळणारं व्होल्टेज) वहीत लिही, बायोसचा आकडा नाही. हे खाली येणं किती रोखायचं ते लोड लाइन कॅलिब्रेशन ठरवतं, बायोसमध्ये एलएलसी नावाने असतं. यात एक मोठा खड्डा आहे. एसुसच्या बोर्डवर आकडा जितका मोठा तितकं ते कडक, आणि एमएसआय, एएसरॉकच्या बोर्डवर उलटं, १ म्हणजे सगळ्यात कडक. गिगाबाइटला आकडे नाहीत, लो मीडियम हाय टर्बो असे शब्द आहेत. यूट्यूबवर कोणीतरी सांगितलेलं "लेव्हल ६" दुसऱ्या कंपनीच्या बोर्डला लावलं की अर्थच बदलतो. आणि सगळ्यात कडक कधीच लावू नको. लोड सुटल्याक्षणी व्होल्टेज उसळी मारून तू टाकलेल्या आकड्याच्याही वर जातं, ती उसळी इतकी छोटी असते की सॉफ्टवेअरला दिसत पण नाही. मधली पायरी घे, थोडं खाली येऊ दे.

मग ४.७ ला १.२३ वगैरेने सुरू कर, सिनेबेंच अर्धा तास. पास झालं तर मल्टिप्लायर एकने वर. नापास झालं तर ०.०१ व्होल्ट वाढव, एकदम ०.०३ नाही. एक्सएमपी ऑटोवर बोर्ड कधी कधी व्हीसीसीआयओ आणि व्हीसीसीएसए (मेमरी कंट्रोलरच्या बाजूची व्होल्टेज) पण भरमसाठ वाढवून ठेवतो, ते बघ, ३२०० ला १.१५ आणि १.२० च्या आत आरामात जमायला हवं.

सिनेबेंच ही फक्त पहिली चाळणी आहे. ते सतत एकसारखं ओझं देतं, गेम तसं नाही देत. गेममध्ये ओझं क्षणात वर क्षणात खाली जातं आणि अनस्टेबल मशीन बहुतेक त्या उड्यांमध्येच पडतं. म्हणून ओसीसीटी नावाची टेस्ट एक तास लाव, ते क्रॅशची वाट बघत नाही, गणित चुकलं की लगेच लाल दाखवतं. प्राइम९५ लावलंस तर टॉर्चर टेस्टच्या खिडकीत एव्हीएक्स (प्रोसेसरला जास्त तापवणारी जड गणितं) बंद करायच्या खुणा आहेत, त्या कर, नाहीतर तुझ्या कूलरला तो भार झेपणार नाही. बायोसमध्ये एव्हीएक्स ऑफसेट १ किंवा २ ठेवता येतो, म्हणजे तशी जड गणितं आली की तो आपणहून शंभर-दोनशे मेगाहर्ट्झ खाली येतो.

आणि हे सगळं पार पडल्यावरच बाबांचं काम परत आण. त्याआधी कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून एसएफसी स्कॅननाऊ चालव, एवढे क्रॅश झालेत तर विंडोजच्या फाइल्स पण तपासलेल्या बऱ्या.


कर्वेनगर_वरचामजला

आठवड्याने लिहितोय, कॉलेज चालू झालं मधे.

एसएफसीने काही फाइल्स दुरुस्त केल्या असं सांगितलं, परत चालवलं तेव्हा काही सापडलं नाही.

४.७ ला १.२३ पहिल्याच फटक्यात पास झालं. ४.८ ला १.२४ वर अर्धा तास पास, पण ओसीसीटीमध्ये एकविसाव्या मिनिटाला कोर ४ लाल! गेम व्यवस्थित चालत होता हो त्याच सेटिंगला, दोन तास खेळलो होतो आदल्या दिवशी. ताई तुम्ही ओसीसीटी सांगितलं नसतं तर मी हेच स्टेबल धरून बाबांना मशीन देऊन टाकलं असतं. १.२५ केलं, चाळीस मिनिटांनी परत तोच कोर. १.२६, पूर्ण तास स्वच्छ. एक पायरी जास्त म्हणून १.२७ वर ठेवलंय, लोडवर १.२३ दिसतं, एलएलसी मधलं. खोलीत ३३ डिग्री (आईचा घड्याळातला थर्मामीटर टेबलावर आणून ठेवलाय) आणि सिनेबेंच अर्ध्या तासाला ७९. डब्ल्यूएचईएचा आकडा सहा दिवस शून्य.

४.९ पण करून बघितलं, १.३३ मागतोय आणि ८९ डिग्री. ५ ला तर १.३८ ला पण ओसीसीटी पाच मिनिटं टिकलं नाही, तिथेच थांबलो. थोडं वाईट वाटलं, ५ हा आकडा खूप डोक्यात होता. पण एका गोष्टीने मन शांत झालं, ५ ला सिनेबेंचच्या पहिल्या फेरीचा स्कोअर जास्त आणि शेवटच्या फेरीचा ४.८ पेक्षा कमी येत होता, म्हणजे तापून तो स्वतःच खाली येत होता.

यूपीएस ११०० व्हीए ६६० वॉटचा घ्यायचं ठरलंय, बाबा अर्धे देतायत. तोपर्यंत गेमला साठ फ्रेमची मर्यादा लावलीये आणि गेम पंप चालू होऊन गेल्यावरच.

काल बाबांनी मार्चचं सगळं काम याच्यावर केलं. मी मागे खुर्ची घेऊन बसलो होतो. तीन तास.


पेठेतला_सोल्डरवाला

छान झालं. नवा यूपीएस आला की बॅटरी आठ तास चार्ज होऊ दे, मग गेम चालू असताना भिंतीतला स्विच स्वतः बंद करून बघ, बाबांचं काम उघडं नसताना. आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता, खोली सगळ्यात तापलेली असताना, ओसीसीटी परत एक तास लाव. लाल आलं तर ४.७ वर ये.


हिंजवडी_फेज२

आणि बायोसमध्ये ही सेटिंग प्रोफाइल म्हणून सेव्ह कर, शिवाय मोबाइलवर त्या पानांचे फोटो काढून ठेव. बायोस अपडेट केलंस किंवा सीएमओएसचा (बोर्डवरचा) सेल बदललास की सगळं पुसलं जातं, आणि बोर्ड काही वेळा अपडेटमध्ये जुनी प्रोफाइल घेत नाही. वही पण टाकू नकोस.


कर्वेनगर_वरचामजला

फोटो काढले ताई. वहीच्या पहिल्या पानावर १.२७ लिहून चौकट केलीये. काका, मे मधला आकडा इथेच टाकतो.